पडद्यामागचे हात

येरमाळ्याच्या सभेत वारा सुटला होता. साहेबांच्या मागचा पडदा सारखा फुगत होता.

"तुमचं-आमचं राज्य पडद्यामागचे चार हात चालवत्यात!" साहेब गरजले. "ते हात ओळखा!"

तेवढ्यात पडद्याखाली दोन पाय हलले.

"तिथं कुणीतरी हाय! धरा त्याला!" पुढच्या रांगेतला बजरंग ओरडला. दहा-बारा जण मंचावर चढले आणि त्यांनी पडदा टराटरा फाडला.

मागे मंडपवाले समदभाई घामाघूम उभे होते. वाऱ्यानं दोर तुटलेला मधला बांबू त्यांनी तासभर छातीशी कवटाळून धरला होता. बजरंगनं त्यांची कॉलर पकडली. "चल, पोलिसांकडं चल!"

 

"येतो की भाऊ. पण आधी एकानं हा बांबू धरा, साहेब अजून मंडपाखालीच हायत."