चैतू आबाजींच्या रक्तातलं लग्न

"हे सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही," म्हणत चैतू पुंगाटींनी बोट पुढे केलं. नर्स वनिताबाईंनी रक्ताचा थेंब काचेवर घेतला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली सरकवला.

नवी गोळी आल्यापासून गावात मलेरिया पसरत नसे, कारण ती घेणाऱ्याच्या रक्तात मलेरियाच्या जंतूंच्या फक्त माद्याच तयार होत. एखाद्याच्या रक्तात नर दिसलाच, तर डास चावू नये म्हणून त्या माणसाला दवाखान्याच्या खोलीत मच्छरदाणीत झोपवत. आणि आज तर चैतूंच्या अंगणात गप्पा ऐकायला सारं गाव जमणार होतं. तो बेत त्यांना मोडू द्यायचा नव्हता.

"परवा तुझी गोळी गिळली," चैतू रंगात आले, "आणि कानात ढोल वाजायला लागले. रक्तात जंतूंचं लग्न! अक्षता पडणार, तेवढ्यात गोळी मांडवात शिरली. नवरदेव बाशिंगं टाकून जे पळाले, ते शिंकेतून थेट बाहेर. नवऱ्या राहिल्या बिचाऱ्या, हातात हार घेऊन."

वनिताबाई मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता हसल्या.

"आबाजी, रक्तात नुसते नवरा-नवरी तयार होतात. लग्न लागतं ते डासाच्या पोटात. आणि तुमचे नवरदेव कुठं पळालेत? डासाची वाट बघत इथंच बसलेत. गोळी कडू लागली म्हणून थुंकलीत, आणि वर खोटं बोलता. चला मच्छरदाणीत. गावाला मी इकडंच बोलावते. तुम्ही आतून थापा मारा, आम्ही बाहेर बसून ऐकतो."