रुंद पाठीचे खेकडे

पातूरच्या बाजारात कॉलेजच्या अभ्यासासाठी अमरीन जमुनाच्या टोपल्यातला एकेक खेकडा उचलून त्याची पाठ मोजत होती आणि वहीत आकडे लिहीत होती.

“मावशी, हे नदीचे नाहीत. नदीच्या खेकड्याची पाठ अरुंद असते. एवढी रुंद पाठ वरच्या तलावातल्या खेकड्यांचीच.”

“नदीचेच हायेत,” मागं बसलेला पुंजाराम मान खाली घालून म्हणाला. “मीच धरून आणले.”

जमुनानं नवऱ्याकडं पाहिलं. तीस वर्षं खेकडे विकणाऱ्या बाईला मोजपट्टीची गरज नव्हती. सकाळी टोपलं उचलतानाच तिनं त्या पाठी ओळखल्या होत्या.

“लिव व पोरी, नदीचेच लिव,” ती अमरीनला म्हणाली आणि तिनं टोपल्यावर फडकं टाकलं. “पन मले आज हे इकाचे नाई.”



वरच्या तलावात पुन्हा उतरणार नाही, अशी शपथ पुंजारामनं जमुनाच्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती, त्याला चार महिने झाले. आणि तिथं बुडालेला त्यांचा मुलगा विपुल अजून सापडला नव्हता.