दारातली काच

स्वयंपाकघराच्या जुन्या दाराचा रंग सून दोन दिवस खरवडत होती. एकाखाली एक पाच थर निघाले, आणि वरच्या भागात लाकडाऐवजी काचच लागली.

"अहो आई, इथे काच आहे! हिच्यावर कुणी रंग फासला?"

"मीच," सासूबाई म्हणाल्या. "लग्नाला महिनाही झाला नव्हता. मी काम करतेय की बसलेय, हे सासरे त्या काचेतून बघायचे. मग एक दिवस मी सगळं दारच रंगवून काढलं, काचेसकट. कामसू सून म्हणून काय कौतुक झालं माझं!"

"आणि मग?"

"मग काय, दार लावून मी रोज तासभर पाय पसरून बसायचे."

सून हसत सुटली. "मग राहू दे का एवढा रंग?"

"छे गं, काढ सगळा. आता उजेडात बसू की दोघी."