कोंबडीचे पाय

बाई दुकानात शिरल्या, तशी छपाईवाली खुर्चीतून उठून उभीच राहिली. शाळेत याच बाईंनी तिची वही वर्गभर फिरवली होती, "बघा गं, हे कोंबडीचे पाय" म्हणत. आता बाईंना त्यांच्या हस्ताक्षर-वर्गासाठी पाटी करून हवी होती. हाताने लिहिल्यासारखे दिसणारे दहा-बारा फॉन्ट तिने पडद्यावर दाखवले. बाईंचं बोट एकावर थबकलं.

"हा घे. अक्षर कसं खेळतं-हसतं आहे बघ. तुझं मेलं अजून तसंच का गं?"

"तसंच आहे, बाई," म्हणत तिने चिठ्ठी लिहून दिली : 'पाटी गुरुवारी मिळेल.'



बाईंनी चिठ्ठीवरचं अक्षर पाहिलं, पडद्यावरचं पाहिलं, दोन्ही एकच, आणि हळूच विचारलं, "वर्गाला शिकवायला येशील का गं?"