पिंप निवत असताना

तुरटीवाला जेवून कारखान्यात परतला, तेव्हा त्याची बायको मोठ्या पिंपाशेजारी ओल्या फरशीवर पडलेली होती. एक पाय नको तसा वळला होता. डोळे उघडे होते.

"कधी पडलीस?" त्याने कुजबुजत विचारलं.

"तुम्ही गेलात तेव्हाच," तीही कुजबुजली.

"मग हाक का नाही मारलीस? भिंतीपलीकडे सुतार आहे ना."

तिने डोळ्यांनीच पिंप दाखवलं.

तांब्याच्या पिंपात तुरटीचं उकळलेलं पाणी निवत होतं. ते हळूहळू निवलं, तर आत सोडलेल्या दोऱ्यांवर मोठे, स्वच्छ खडे धरतात. मध्येच धक्का बसला, तर सगळ्याचा चुरा होऊन तळाशी बसतो आणि चुऱ्याला कोणी विचारत नाही. म्हणून पिंप निवत असताना इथे आवाज चढवायचा नाही, हा नियम. आवाजाने पिंप हलत नाही, पण आवाज ऐकून माणसं धावत येतात आणि पिंपाला धक्का लागतो, असं तुरटीवाल्याचं म्हणणं. नवरा-बायकोची सगळी भांडणंसुद्धा इथे कुजबुजतच पार पडली होती. गल्लीतले लोक त्याला मौनीबाबा म्हणत.

"या खेपेला खडे छान धरलेत," ती म्हणाली. "मला हळूच ओढून बाहेर न्या. मग बोलवा कोणाला ते."

त्याने तिच्या काखेत हात घालून ओढून पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पदर दातांत धरला, पण तोंडातून आवाज काढला नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

तिला तशी टाकून जाववेना, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून ओरडला. सवय नव्हती, घशातून नुसती खरखर निघाली. पलीकडे सुताराची करवत चालू होती.

मग त्याने कोपऱ्यातली पहार उचलली आणि पिंपावर हाणली. पुन्हा हाणली. करवत थांबेपर्यंत तो हाणत राहिला. आतलं पाणी दुधासारखं गढूळ झालं.

सुतार आणि त्याची माणसं धावत आली. त्यांनी तिला फळीवर घेतलं. पिंपाजवळून नेताना तिने मान उंचावून आत पाहिलं.

"गेलं हो सगळं," ती कुजबुजली.

"जाऊ दे," तुरटीवाला तिचा हात धरून म्हणाला. "आता ओरड."

तेव्हा कुठे ती ओरडली.