काउंटरपलीकडचे अप्पा

"काय रे, लग्न उरकलंस आणि आम्हाला पत्रिकासुद्धा नाही?" निरोधचं पाकीट मागणाऱ्या पोराला विश्वनाथअप्पांनी नेहमीचा टोमणा मारला. औषधाच्या दुकानात उभी असलेली गिऱ्हाइकं खदखदून हसली. पोरगा कानापर्यंत लाल झाला आणि डोकेदुखीचा बाम घेऊन निघून गेला.

"असा धाक असला की पोरं वाया जात नाहीत," अप्पा समाधानाने म्हणाले.

लातूरहून कॉलेजच्या सुट्टीला आलेला त्यांचा मुलगा सोमनाथ शेजारीच उभा होता. तो हसला नव्हता. दुकान रिकामं झाल्यावर तो खाली बघत म्हणाला, "अप्पा, प्रेग्नन्सी तपासायचं एक किट द्या."

"कुणी मागवलंय?"

"माझ्या वर्गातली आहे. तिची पाळी चुकलीय. माझ्यामुळे."

अप्पांचा हात मांडणीवरच थांबला. "गाढवा, औषधवाल्याचा मुलगा तू! पाकीट घ्यायची अक्कल नव्हती?"

"अक्कल होती. तिथल्या दुकानांत गेलो होतो, अप्पा. प्रत्येक काउंटरवर कुणाचे ना कुणाचे अप्पा उभे होते."

आजवर बाम घेऊन परत गेलेली पोरं अप्पांच्या डोळ्यांपुढे आली. किट काढून ते सवयीने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळू लागले आणि मध्येच थांबले.

"उद्या मीही लातूरला येतो तुझ्याबरोबर," शेवटी ते म्हणाले. "तिला चांगल्या डॉक्टरीणबाईंना दाखवू."

"याल?" सोमनाथने पहिल्यांदाच वर पाहिलं. "या. पण अप्पा, तिच्यासमोर गंमत करू नका."