निरोपाचं जेवण

फलक काही केल्या सरळ लागत नव्हता. काकूंचा मुलगा स्टुलावर चढून दोरी ओढत होता आणि काकू खालून डावीकडे, उजवीकडे सांगत होत्या. फलकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'काकूंना प्रेमळ निरोप'. शेवटी तो थोडा वाकडाच राहिला.

"चालेल," मुलगा म्हणाला.

"चालायचंच," काकू म्हणाल्या.

गल्लीला हे जेवण काकू तेवीस वर्षं घालत आल्या होत्या. वर्षातून एकदा, रविवारी दुपारी, घरासमोर टेबलं जोडून. काकू कवळ्या बनवायच्या. मागच्या खोलीत त्यांचं घासायचं यंत्र, मेण, साचे आणि फळीवर ओळीनं मांडलेले दात. गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं त्यांनीच केलेल्या दातांनी जेवायची आणि ते दात लावूनच त्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. म्हणून काकू दरवर्षी दोन पातेली चढवत. एक दातवाल्यांसाठी, एक कवळीवाल्यांसाठी.

या वर्षी मुलानं जेवण बाहेरून मागवलं होतं. झाडून सगळं तळलेलं, कुरकुरीत. "तू दगदग करायची नाहीस," असं त्यानं बजावलं होतं. काकूंनी बरं म्हटलं आणि सकाळी लवकर उठून मऊ भात आणि भाज्यांचा रस्सा करून ठेवला.

मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. सहा महिन्यांपूर्वी काकू न्हाणीघरात घसरून पडल्या, तेव्हा तो मिळेल त्या गाडीनं धावत आला आणि त्यांच्या उशाशी बसून हमसून हमसून रडला. पण तेव्हापासून त्यानं एकच धोशा लावला. घर विकायचं, यंत्र विकायचं आणि आईला आपल्या शहरात नवव्या मजल्यावर न्यायचं. काकूंनी फोनवर चार वेळा नाही म्हटलं. चारही वेळा तो म्हणाला, "आपण ठरवलंय ना, आई?" बापाचीच सवय. एकट्यानं ठरवायचं आणि वर 'आपण' म्हणायचं. घर काकूंच्या नावावर होतं. गिऱ्हाईक पक्कं झालं होतं, कागद तयार होते, उद्याची सही तेवढी बाकी होती.

साडेबाराला माणसं जमली. दरवर्षी सावलीतल्या खुर्च्यांवरून भांडणारी मंडळी आज गुमान बसली. कोणी काकूंचा हात हातात घेत होतं, कोणी डोळे टिपत होतं. शेजारची शिंपीणबाई तर हुंदकेच द्यायला लागली.

"अगं, मेले नाहीये मी," काकू म्हणाल्या. "त्या ताटल्या पूस बघू."

घर घेणारे गृहस्थही आले होते. ते मागच्या खोलीत गेले, बोटाच्या पेरानं भिंत वाजवून पाहिली आणि म्हणाले, "ही पाडली की हॉल कसा ऐसपैस होईल!" भिंतीवरच्या फळीवर कोणाकोणाचे अर्धे झालेले दात होते. मुलगा मान डोलावत होता. काकूंना भयंकर राग आला. त्या तडक बाहेर आल्या.

बाहेर निवृत्त बसचालक, गल्लीचे ड्रायव्हरकाका, गाल धरून बसले होते. जेवणाआधी फिरवलेला एक कुरकुरीत तुकडा त्यांनी हावरटासारखा तोंडात टाकला होता.

"काकू, खालची कवळी डावीकडे टोचतेय हो. आता मी जायचं कुणाकडे?"

"मंगळवारी या. घासून देते."

काकूंच्या मागोमाग आलेल्या मुलानं ते ऐकलं. तो त्या गृहस्थांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "हल्ली विसरते ती."

"अकरा वाजता या," काकू ड्रायव्हरकाकांना म्हणाल्या.

मग मुलगा बोलायला उभा राहिला. तो छान बोलला. आईनं गल्लीला किती दिलं, आता तिनं नुसता आराम करायचा, हे इथलं शेवटचं जेवण, उद्या संध्याकाळची गाडी आहे. बोलता बोलता त्याचा आवाज भरून आला. शिंपीणबाईनं पुसायला घेतलेली ताटली तशीच छातीशी धरली. "आई, तूही दोन शब्द बोल," तो म्हणाला.

काकू उठल्या. वाढायचा डाव त्यांच्या हातातच होता.

"सही मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "हे पाचव्यांदा सांगतेय. आधी फोनवर सांगितलं, ते याला ऐकू गेलं नाही. आता तुम्ही चाळीस जण साक्षीला आहात."

कोणीतरी खोकलं. घर घेणारे गृहस्थ उठायला लागले, तशा काकू त्यांना म्हणाल्या, "बसा हो, जेवल्याशिवाय जायचं नाही. भिंत तेवढी तिथेच राहील."

मुलाचा चेहरा लालबुंद झाला होता. "आई, तू पुन्हा पडलीस तर?"

"पडले तर ही सगळी माणसं उचलतील. गेल्या वेळी कोणी उचललं होतं? तू पोचेपर्यंत मी प्लास्टर घालून घरी आले होते."

तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "अगं, पण एवढी माणसं निरोपाला म्हणून आलीत. आता त्यांना काय सांगायचं?"

काकूंना त्याची मनापासून दया आली. त्यांनी टेबलाच्या टोकाची खुर्ची ओढली, खांद्यावर हात दाबून त्याला तिच्यावर बसवलं आणि शिंपीणबाईला हाक मारली.

"याला आधी वाढ गं. लांब जायचंय त्याला."